बॅसूनची भीती: ‘द हेटफुल एट’चा साउंडट्रॅक मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत

वेस्टर्नपटाचं संगीत म्हटलं की मुंबईकराच्या कानात दोन आवाज हमखास येतात. एक सर्जिओ लिओनेच्या १९६४ पासूनच्या चित्रपटांतली शीळ आणि तिच्या सोबतीची इलेक्ट्रिक गिटार. दुसरा ग्रँट रोडच्या मिनर्व्हात पाच वर्षं घुमलेला ‘शोले’तला माउथ ऑर्गन. शिळेचे संगीतकार एनिओ मोरिकोने. क्वेंटिन टॅरँटिनोच्या २०१५ सालच्या ‘द हेटफुल एट’साठी त्यांनी अनेक दशकांनंतर पुन्हा वेस्टर्नला हात घातला, आणि त्यात शीळ नाही, चाबकाचा फटकारा नाही, मोकळ्या माळावर दौडणारी गिटारही नाही. त्या अपेक्षेने अल्बम लावलात तर पहिल्या दहा मिनिटांत बंद कराल. म्हणून आधीच सांगतो: हा भयपटाच्या वळणाचा, खालच्या सुरांत चालणारा अल्बम आहे. नीट ऐकला तर गेल्या काही वर्षांतल्या पार्श्वसंगीतात याच्या तोडीचं फार थोडं सापडेल. ‘नीट ऐकला तर’ हे शब्द इथे महत्त्वाचे, कारण घराघरांत असलेल्या साधनांवर यातला अर्धा ऐवज ऐकूच येत नाही.

थोडी पार्श्वभूमी. मोरिकोनेंनी हे संगीत तयार चित्रपटाच्या फ्रेम मोजत लिहिलं नाही. पटकथा वाचून त्यांनी लांब, स्वतंत्र तुकडे रचले आणि ते कुठे बसवायचे हे दिग्दर्शकावर सोडलं. ध्वनिमुद्रण प्रागमध्ये, चेक नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राकडून, संचालन खुद्द मोरिकोनेंचं. २८ फेब्रुवारी २०१६ ला त्यांना याच कामासाठी ऑस्कर मिळालं, वयाच्या ८७ व्या वर्षी. २००७ साली अकादमीने मानद पुरस्कार दिला होता, पण स्पर्धेतलं हे पहिलंच. फ्रेम न मोजता लिहिल्याचा फायदा अल्बममध्ये स्पष्ट जाणवतो. बहुतेक साउंडट्रॅकमध्ये दीड-दोन मिनिटांची तुकडेजोड असते; इथे पहिला ट्रॅक साडेसात मिनिटांचा आणि ‘नेवे’, म्हणजे ‘बर्फ’, सव्वाबारा मिनिटांचा आहे. संगीताला श्वास घ्यायला जागा मिळालेली आहे.

पहिल्या ट्रॅकपाशी थोडं थांबू, कारण सगळ्या अल्बमचं बी तिथेच आहे. ‘लुल्तिमा दिलिजेन्त्सा दी रेड रॉक’, म्हणजे रेड रॉककडे निघालेली शेवटची घोडागाडी. सुरुवातीला खाली तंतुवाद्यांचा एक सूर धरलेला आहे. सनईवाल्याच्या मागे सूर धरून बसणारा जसा जागचा हलत नाही, तसा. त्यावर बॅसून या खर्जातल्या फुंकवाद्याची एक छोटी ओळ येते, घुटमळते, अर्धवट सोडून देते, पुन्हा तिथूनच सुरू करते. धून म्हणावी इतकी ती लांब नाही, आणि विसरता येईल इतकी साधीही नाही. हळूहळू तालवाद्यं, मग वरची तंतुवाद्यं, मग ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, असे एकेक थर चढत जातात, पण मूळ ओळ आपली जागा सोडत नाही. गाडी बर्फातून पुढे जाते आहे आणि आत बसलेल्यांपैकी कुणाचाच भरवसा नाही, एवढं त्या ओळीतून कळतं.

बॅसून हे दुहेरी पत्तीचं वाद्य, म्हणजे नात्याने सनईचंच, फक्त आवाजाने आजोबा. त्याची नळी उलगडली तर अडीच मीटरच्या आसपास भरते, आणि त्याच्या थोरल्या भावाची, काँट्राबॅसूनची, साडेपाच मीटरच्या घरात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात बॅसूनला बऱ्याचदा विनोदी काम मिळतं: लठ्ठ माणूस चालला, अस्वल डुललं की बॅसून. मोरिकोनेंनी त्याच घोगऱ्या आवाजातला दुसरा गुण हेरला. त्याच्या खालच्या पट्टीत पत्तीची थरथर कानाला वेगळी जाणवते, जणू कुणी घसा दाबून बोलतंय. वेस्टर्नमध्ये मुख्य आवाज म्हणून बॅसून घेणं हा या अल्बममधला सर्वांत मोठा निर्णय, आणि तो शंभर टक्के बरोबर ठरलेला आहे.

आता मुंबईच्या घरातली अडचण. बॅसूनचा सर्वांत खालचा सूर साधारण ५८ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ५८ कंपनं), काँट्राबॅसूनचा २९ हर्ट्झचा. मोबाइलचा स्पीकर तीनशे-चारशे हर्ट्झखाली जवळपास मुकाच असतो. हातात मावणारे ब्लूटूथ स्पीकर सत्तर-ऐंशीच्या खाली दम सोडतात. मूळ सूर गाळला गेला तरी वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू तो ओळखतो, त्यामुळे ‘ऐकू तर येतंय’ असं वाटतं. ओळ कळते, वजन कळत नाही. आणि या संगीतात भीती वजनातच आहे. पाच इंची वूफरचे चांगले बुकशेल्फ स्पीकर असतील तर बॅसूनपुरतं काम भागतं. ते नसतील तर कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन घ्या, तेवढ्याच पैशात स्पीकरपेक्षा खूप जास्त मिळेल. ‘बास बूस्ट’ मात्र बंद ठेवा. तो सगळाच खालचा पट्टा एकसारखा फुगवतो, मग धरलेला सूर आणि बॅसूनची ओळ एकमेकांत कालवली जातात.

स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी खोलीचा हिशेब. आपल्याकडची नेहमीची बेडरूम दहा फूट बाय बारा फुटांची. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ च्या आसपासचा. ५६ आणि ५८ किती जवळ आहेत बघा. म्हणजे नेमका बॅसूनचा तळाचा सूर आपल्या खोलीत भिंतीला टेकून बसलं तर भसाभस वाढतो आणि बरोबर मध्यभागी बसलं तर गायब होतो. दोन्ही जागा टाळा. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर खुर्ची ठेवा. डाव्या-उजव्या बाजूनेही अगदी मधोमध नको, अर्धा फूट इकडेतिकडे सरका. स्पीकर कोपऱ्यात ढकललेले असतील तर निदान फूटभर पुढे ओढा. पहिला ट्रॅक लावून खुर्ची वीतभर मागेपुढे सरकवत राहा. बॅसूनच्या ओळीतले सगळे सूर सारख्या जोराने येऊ लागले की जागा सापडली. कुठलंही ॲप लागत नाही, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. सुरुवात फार हळू आहे म्हणून आवाज वाढवला की सहा-सात मिनिटांनी ब्रास अंगावर येतो आणि शेजारची बेल वाजते. आवाज ठरवायचा तो ‘लिन्फेर्नो ब्यांको’च्या ब्रासवाल्या ट्रॅकवर. तो सहन होईल इतपत ठेवा आणि मग पहिल्यापासून सुरू करा. सुरुवात ऐकू येत नाही असं वाटलं तर आवाजाला हात लावू नका, आधी पंखा बंद करा. छताच्या पंख्याची घरघर आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरची शंभर हर्ट्झच्या आसपासची गुणगुण हे दोन्ही नेमक्या बॅसूनच्याच पट्ट्यावर बसतात. एसी मंद असेल तर चालतो. लोकलमध्ये हा अल्बम ऐकूच नये. गाडीचा खडखडाट आणि मोटरचा घुमारा खालचं सगळं गिळतो, आणि हाती राहतात ती फक्त गाणी.

अल्बममध्ये एकूण २८ ट्रॅक आहेत, लांबी ७२ मिनिटांच्या आसपास. त्यात मोरिकोनेंचं संगीत पन्नासेक मिनिटं. उरलेल्यात चार गाणी आणि चित्रपटातले संवाद. हे संवाद ही या अल्बमची मोठी खोट. दिग्दर्शकाच्या आधीच्या अल्बमांतही ही रीत होती, आणि जिथे जुनी गाणीच गाणी असतात तिथे ती खपून जाते. इथे सलग वाढत जाणाऱ्या संगीताच्या मधोमध कुणी तरी बोलू लागतं आणि साचलेला ताण तिथल्या तिथे विरतो. ‘नेवे’ची सव्वाबारा मिनिटं संपतात, खोली गप्प झालेली असते, आणि लगेच मिनिटभराचा संवाद. त्यातली भाषा शिवराळ आहे, वर्णद्वेषी शब्द सरळसरळ आहेत, एका ट्रॅकच्या तर नावातच आहे. घरात मुलं असतील, आईवडील शेजारी बसले असतील तर हे ट्रॅक आधीच काढून टाका.

गाण्यांचं मात्र स्वागत करावं असं आहे. द व्हाइट स्ट्राइप्सचं ‘ॲपल ब्लॉसम’ २००० सालच्या अल्बममधलं, डेव्हिड हेसचं ‘नाउ यू आर ऑल अलोन’ १९७२ च्या एका भयपटातलं, रॉय ऑर्बिसनचं ‘देअर वोन्ट बी मेनी कमिंग होम’ १९६७ च्या चित्रपटातलं. काळ एकमेकांशी जुळत नाहीत, आणि चित्रपटातल्या, अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या वायोमिंगशी तर मुळीच नाहीत, तरी ऑर्बिसनचा आवाज शेवटी येतो तेव्हा त्याच्याशिवाय दुसरं काही तिथे बसलं असतं असं वाटत नाही. चौथं गाणं चित्रपटातली अभिनेत्री जेनिफर जेसन लीने स्वतः गिटारवर गायलेलं ‘जिम जोन्स ॲट बॉटनी बे’, ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्याचं लोकगीत. चित्रीकरणात तिच्या हातात मार्टिन कंपनीच्या संग्रहालयातून आणलेली १८७० च्या दशकातली खरी गिटार होती. दृश्यात गिटार फोडायची होती, त्यासाठी नकला तयार होत्या, पण अदलाबदल व्हायच्या आत सहकलाकार कर्ट रसेलने खरीच आपटून फोडली. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर दिसणारा धक्का अभिनयाचा नाही. हे माहीत असलं की त्या सुटसुटीत, थोड्या कोरड्या तारांकडे कान वेगळ्या मायेने जातो.

‘लिन्फेर्नो ब्यांको’ म्हणजे ‘पांढरा नरक’ दोनदा आहे, एकदा सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरवर, आणि एकदा ‘ओत्तोनी’ म्हणजे ब्रासवर. दोन्ही साडेतीन मिनिटांचे, रचना तीच. सलग लावून बघा. सिंथमध्ये वादळ बाहेर आहे असं वाटतं, ब्रासमध्ये ते दार तोडून आत आलेलं असतं. आमचं मत ब्रासच्या बाजूने. स्पीकर विकत घेताना दुकानात लावून बघायला याहून चांगली जोडी सापडणं कठीण: दोन्हींत काहीच फरक कळला नाही तर तो स्पीकर घेऊ नका.

सगळ्या काळोखात एकच उजेडाची खिडकी, ‘ला लेत्तेरा दी लिंकन’, म्हणजे ‘लिंकनचं पत्र’. ट्रम्पेटवरची पावणेदोन मिनिटांची सरळ, उदात्त धून, जवळपास राष्ट्रगीतासारखी. चित्रपट पाहिलेल्यांना त्या पत्राची गोष्ट ठाऊक असल्यामुळे तीच धून वेगळी बोचेल. ती दोनदा आहे. वाद्यांचीच घ्या, संवादाची सोडा. हा एवढा एक ट्रॅक मोबाइलवरही बरा ऐकू येतो.

अल्बममध्ये काय नाही, हेही सांगायला हवं. चित्रपटात जॉन कार्पेंटरच्या १९८२ च्या ‘द थिंग’साठी मोरिकोनेंनी लिहिलेले आणि तेव्हा न वापरले गेलेले काही तुकडे आहेत, शिवाय ‘एक्झॉर्सिस्ट’च्या दुसऱ्या भागातली रीगनची धून आहे. यातलं काहीही या अल्बमवर नाही. चित्रपट पाहून आल्यावर ‘तो बर्फातला भयाण तुकडा कुठे गेला’ असं वाटलं तर तो बहुधा यातलाच. ‘द थिंग’च्या अल्बममधले ‘इटर्निटी’, ‘बेस्टिअ‍ॅलिटी’ आणि ‘डिस्पेअर’ हे तीन ट्रॅक वेगळे शोधा. ३३ वर्षांचं अंतर असूनही ते या संगीतात सहज मिसळतात. भीतीची भाषा मोरिकोनेंकडे तेव्हापासून तयार होती.

विकत घ्यायचं तर कशावर? सीडी डेका कंपनीची, दोन रेकॉर्डींचा संच ‘व्हाइट स्ट्राइप्स’वाल्या जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्सचा. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, तेव्हापासून शहरात शेल्फवर हात फिरवून सीडी निवडायची सोय जवळपास संपली. नव्या रेकॉर्डींसाठी माहीमचं द रिव्हॉल्व्हर क्लब आहे. जाण्याआधी विचारून घ्या, कारण असे आयात संच आले तर मोजके येतात. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर याच्यामागे फिरू नका. तिथला खजिना जुन्या हिंदी-मराठी रेकॉर्डींचा, २०१५ चा साउंडट्रॅक तिथे योगायोगानेच मिळेल. परदेशातून मागवलात तर सीमाशुल्क आणि कुरियर मिळून रेकॉर्डच्या किमतीला टक्कर देतात. पार्सल आलं की पहिल्याच दिवशी रेकॉर्ड टर्नटेबलवर फिरवून बाजूने डोळा लावून बघा. कडा वरखाली होत असेल तर वाकलेली आहे, लगेच परत करा.

ज्यांच्याकडे टर्नटेबल आहे त्यांच्यासाठी हा संच चांगला, कारण ७२ मिनिटं चार बाजूंत विभागली की एका बाजूला १८ च्या आसपास पडतात. इतक्या जागेत खालच्या सुरांना रुंद खाचा देता येतात. पण याच खालच्या सुरांमुळे सगळ्या चुका उघड्या पडतात. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो, ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबलने, आणि तो परत वाढवायचं काम फोनो प्रीॲम्पचं. टर्नटेबल सरळ ॲम्प्लिफायरच्या साध्या ‘ऑक्स’ जोडणीत लावलंत तर बॅसूनच्या जागी डास गुणगुणतोय असं वाटेल. उलट टर्नटेबलमधला प्रीॲम्प चालू आणि वायर ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’त, असं झालं तर आवाज फुगून फाटतो. दोन्हींपैकी एकच प्रीॲम्प चालू हवा. पन्नास हर्ट्झची गुणगुण ऐकू आली तर अर्थची वायर तपासा. जुन्या इमारतींत भिंतीतलं अर्थिंगच कच्चं असतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून ते एकदा बघून घ्या.

टर्नटेबल आणि स्पीकर एकाच शोकेसवर ठेवणं ही सर्वांत सर्रास चूक. स्पीकरचा घुमारा लाकडातून सुईपर्यंत पोचतो, सुई तो पुन्हा वाचते, आणि ‘नेवे’ चढायला लागला की खालून गुरगुर सुरू होते. टर्नटेबल वेगळ्या, जड टेबलावर हवं. सूटकेससारखे स्वस्त प्लेअर या रेकॉर्डसाठी वापरूच नका: त्यांच्या सुईचा दाब बऱ्याचदा पाच ग्रॅमच्या घरात असतो आणि स्पीकर त्याच पेटीत असतात, त्यामुळे सुई उडतेही आणि खाच झिजतेही. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, दीड ते दोन ग्रॅम पुरतात. नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो, तोच पाळा. बाजू संपत आली की आवाज थोडा खरखरीत होतो, तो मात्र तुमचा दोष नाही. कडेला सुईखालून खाच सेकंदाला ५१ सेंटीमीटर सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच ध्वनीला निम्म्याहून कमी जागा मिळते.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर कागदी आतल्या पिशवीत ठेवलेल्या रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. दिव्याखाली तिरकी धरलीत तर खाचांवर पसरलेलं धुकं दिसतं. या अल्बममध्ये शांत जागा इतक्या आहेत की प्रत्येक ठिपका ‘टक्’ करून ऐकू येतो. कागदी पिशवी बदलून प्लास्टिकची घ्या, रेकॉर्ड उभ्या ठेवा, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, आणि सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला बदला. पुसायची तर डिस्टिल्ड वॉटर, लिटरला भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने, गोल. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा, आणि अर्धा तास उभी सुकवा, पंख्याखाली नको, कारण पंखा ओल्या रेकॉर्डवर धूळ बसवतो. दुकानातल्या स्पिरिटच्या द्रावणाने साफ करणार असाल तर घरातल्या आजोबांच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डींना ते चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात.

हे सगळं नको असेल तर सरळ स्ट्रीमिंग घ्या. बहुतेकांसाठी आमची शिफारस तीच, कारण तिथे क्रम आपल्या हातात असतो. नवी प्लेलिस्ट करा: ‘लुल्तिमा दिलिजेन्त्सा’ पूर्ण, मग ‘ओव्हर्चर’, ‘नेवे’ पूर्ण. त्यानंतर ‘द थिंग’मधला ‘डिस्पेअर’, ‘जिम जोन्स’, ‘ला म्युझिका प्रिमा देल मास्साक्रो’, ब्रासवाला ‘लिन्फेर्नो ब्यांको’, ‘सान्ग्वे ए नेवे’, वाद्यांचं ‘ला लेत्तेरा दी लिंकन’ आणि शेवटी ऑर्बिसन. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ट्रॅक एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड शून्यावर आणा, नाहीतर ‘नेवे’ची शेवटची शांतता पुढच्या ट्रॅकच्या पोटात जाते. ऑटोप्लेही बंद करा, म्हणजे ऑर्बिसननंतर दुसरं काही आपोआप सुरू होणार नाही.